प्युरिफायरचा निळा दिवा जंतूंना मारतो की फक्त झोपवतो?

जुलैचा पाऊस लागला की बदलापूर गावात दोन गोष्टींवर सगळ्यांची नजर असते. एक म्हणजे उल्हास नदीची पातळी आणि दुसरी नळाच्या पाण्याचा रंग. २६ जुलै २००५ चा पूर घरातली मोठी माणसं आजही विसरलेली नाहीत. तुम्ही तेव्हा लहान असाल किंवा जन्मलेही नसाल, पण २७ जुलै २०१९ नक्की आठवत असेल. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरले.

अशा दिवसांत पाणी गढूळ येतं, लाईट जाते-येते आणि घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, आपल्याकडे यूव्हीवालं प्युरिफायर आहे ना, मग काय टेन्शन?" नळ उघडतो, आतला निळसर दिवा लागतो, आपण बाटली भरतो आणि ती खिडकीत ठेवून देतो.

आता खरी गंमत इथे आहे. त्या दिव्याने जंतूंचं नेमकं काय होतं? आणि तीच बाटली खिडकीतल्या उजेडात ठेवल्यावर काय होऊ शकतं? उत्तर वाचून थोडा धक्का बसेल. काही जंतू उजेडाने मोडतात आणि उजेडानेच पुन्हा दुरुस्त होतात. कसं, ते एकेक पायरी करत बघूया.

आधी दिव्याची ओळख

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. जांभळ्याच्या अलीकडे, म्हणजे ४०० पेक्षा कमी तरंगलांबीचे ते अतिनील किरण, म्हणजेच यूव्ही. त्याचे तीन गट आहेत: यूव्ही-ए, यूव्ही-बी आणि यूव्ही-सी. सूर्याकडून येणारं यूव्ही-सी वातावरणातच अडतं, जमिनीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे पृथ्वीवरच्या जीवांना त्याची सवय नाही, आणि म्हणूनच ते जंतूंविरुद्ध इतकं जालीम ठरतं.

घरगुती प्युरिफायरमध्ये बहुतेक वेळा पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तो मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण सोडतो. हे किरण दिसत नाहीत बरं का! आपल्याला दिसते ती निळसर चमक म्हणजे त्याच दिव्यातून बाहेर पडणारा थोडासा दृश्य प्रकाश. त्यामुळे "दिवा निळा दिसतोय, म्हणजे काम करतोय" हा हिशोब चुकीचा आहे. जुना झालेला दिवा निळा दिसत राहतो, पण त्याची यूव्ही कमी झालेली असू शकते.

डीएनएच्या चेनमध्ये अडकलेले दात

आपल्या पोटात राहणारा ई-कोलाय हा जीवाणू साधारण २ मायक्रॉन लांब असतो. त्याच्या डीएनएमध्ये जवळपास ४६ लाख अक्षरजोड्या असतात. अक्षरं फक्त चारच: ए, टी, जी आणि सी.

डीएनए म्हणजे बॅगेची चेन समजा. समोरासमोरचे दात एकमेकांत बसले की चेन नीट लागते आणि उघडते. २५४ नॅनोमीटरचा किरण डीएनएवर आदळला आणि तिथे एकाच बाजूला दोन 'टी' शेजारी-शेजारी असतील, तर ते समोरच्या जोडीदाराला सोडून एकमेकांनाच चिकटतात. चेनचे शेजारचे दोन दात वितळून एक झाल्यासारखं. शास्त्रज्ञ याला डायमर म्हणतात, आपण गाठ म्हणूया.

जीवाणूला एकाचे दोन व्हायचं तर आधी डीएनएची नक्कल काढावी लागते. नक्कल काढणारं यंत्र चेनच्या रनरसारखं सरकत जातं आणि गाठीपाशी अडकतं. नक्कल नाही, म्हणजे विभाजन नाही. आणि विभाजन नाही, तर आपल्या पोटात त्याची फौज तयार होऊ शकत नाही.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. यूव्ही खाल्लेला जीवाणू लगेच फुटत नाही, जळत नाही. तो तिथेच असतो, त्याची बरीच यंत्रणा चालूही असते. फक्त त्याला वाढता येत नाही. शीर्षकातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं: कमी डोस असेल तर दिवा जंतूला झोपवतो. आणि झोपलेला जागा होऊ शकतो.

खिडकीपाशी ठेवलेल्या भांड्याने लावलेला शोध

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे आल्बर्ट केल्नर नावाचे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जीवाणूवर काम करत होते. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध ज्याच्यापासून मिळतं, तोच हा. केल्नर त्याच्या बीजाणूंवर यूव्ही सोडायचे आणि नंतरच्या तापमानाचा त्यांच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते मोजायचे.

पण आकडे काही केल्या जुळेनात. तोच डोस, तेच तापमान, तरी कधी जवळपास सगळे मेलेले तर कधी भरपूर जिवंत. बराच शोध घेतल्यावर लक्षात आलं की नमुने ठेवलेलं काचेचं भांडं खिडकीजवळच्या टेबलावर होतं. फरक तापमानाने पडत नव्हता, उजेडाने पडत होता! यूव्हीनंतर ज्यांना साधा दृश्य प्रकाश मिळाला ते बीजाणू अंधारात ठेवलेल्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी जास्त जगले होते. १९४९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांना जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंमध्ये हीच गोष्ट दिसली. त्यांच्या बशा ट्यूबलाइटखाली एकावर एक रचलेल्या होत्या, आणि वरच्या बशांमधले विषाणू जास्त सावरलेले निघाले. कारण सरळ होतं, वरच्या बशांना उजेड जास्त मिळाला होता.

उजेडावर चालणारा मिस्त्री

हे काम करतं एक प्रथिन. त्याचं नाव फोटोलायेज. अनेक जीवाणू, बुरशी, झाडं, मासे आणि बेडूक यांच्यात ते सापडतं.

त्याचं काम सोलर पॅनेल बसवलेल्या मिस्त्रीसारखं चालतं. अंधारातही तो गाठ शोधून तिला धरून बसू शकतो, पण सोडवायला त्याला उजेड लागतो. त्याच्या अंगावर एक छोटा अँटेना असतो. साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही-ए ते निळ्या रंगाचा प्रकाश हा अँटेना पकडतो. ती ऊर्जा आतल्या फ्लॅविन नावाच्या रेणूकडे जाते. फ्लॅविन एक इलेक्ट्रॉन गाठीला उसना देतो, गाठ सुटते, इलेक्ट्रॉन परत जागेवर येतो. कापाकापी नाही, नवीन सुटे भाग नाहीत. प्रकाश पकडल्यापासून पुढचं हे सगळं साधारण एक अब्जांश सेकंदात उरकतं.

या मिस्त्रीचं जनुक वेगळं काढण्याचं काम १९७६ मध्ये अझीझ संजार यांनी केलं. तुर्कस्तानातल्या सावूर या छोट्या गावचे हे डॉक्टर पुढे अमेरिकेत गेले आणि आयुष्यभर डीएनएच्या दुरुस्तीवर काम करत राहिले. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत मिळालं.

आणि माणसांचं काय? आपल्याकडे फोटोलायेज नाही. उन्हाने आपल्या त्वचेत होणाऱ्या गाठी आपल्याला दुसऱ्या, जास्त खटपटीच्या मार्गाने काढाव्या लागतात. म्हणजे या एका बाबतीत पाण्यातला जंतू आपल्या पुढे आहे!

लाईट गेली तरी काम चालू

उजेड नसला तरी जीवाणू हातावर हात धरून बसत नाही. अंधारातली दुरुस्तीही असते. ई-कोलायमध्ये तीन प्रथिनांची टोळी गाठ असलेला १२-१३ अक्षरांचा तुकडा कापून टाकते, आणि समोरच्या पट्टीकडे बघून तिथे नवीन अक्षरं भरली जातात. रस्त्यावरचा खड्डा चौकोनी कापून पुन्हा डांबर भरावं, तसं.

ही दुरुस्ती किती भारी आहे? ज्या ई-कोलायचे अंधारातले दोन्ही मुख्य दुरुस्ती-मार्ग बंद केलेले असतात, तो डीएनएतल्या एक-दोन गाठींनीच मरतो. धडधाकट ई-कोलाय मात्र हजारो गाठी पचवू शकतो.

आणि गाठी आवाक्याबाहेर गेल्या की जीवाणू शेवटचा उपाय काढतो. त्याचं नावच एसओएस. यात नक्कल काढणारं यंत्र गाठीवरून अंदाजाने अक्षर टाकत पुढे जातं. जीव वाचतो, पण चुका राहतात. या चुका म्हणजे म्युटेशन. म्हणून अर्धवट डोस हा नुसता वाया गेलेला डोस नसतो. जे वाचतात, त्यांच्यातले काही बदललेले असतात.

दुरुस्तीचा सगळ्यात मोठा उस्ताद बघायचा असेल तर आपल्याच भागात या. बदलापूरहून लोकलने कुर्ला, तिथून हार्बरने मानखुर्दकडे गेलं की ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र जवळ येतं. तिथले शास्त्रज्ञ डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जीवाणूवर बरीच वर्षं काम करत आहेत. हा जीवाणू १९५६ मध्ये अमेरिकेत, किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात जिवंत सापडला. माणसाला साधारण ५ ग्रे किरणोत्सर्ग जिवावर बेततो. हा पठ्ठ्या ५,००० ग्रे सहज झेलतो. त्याचा डीएनए शेकडो तुकड्यांत फुटतो आणि काही तासांत पुन्हा जोडला जातो. २००६ मध्ये भाभा केंद्राच्या संशोधकांनी याच जीवाणूत दुसऱ्या जीवाणूचं एक जनुक घालून त्याच्याकडून पातळ द्रावणातलं युरेनियम साक्यासारखं खाली बसवून घेतलं. जिथे बाकीचे जंतू टिकत नाहीत अशा अणुकचऱ्यात हा टिकतो, म्हणून ही निवड.

मग प्युरिफायर फसवतो का?

नाही. सगळा खेळ डोसचा आहे.

डोस म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. तो मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी ४० हा आकडा अनेक ठिकाणी मानक धरला जातो. ई-कोलायसारख्या जीवाणूंसाठी तो भरपूर आहे. गाठी इतक्या होतात की उजेडातला मिस्त्री आणि अंधारातली टोळी दोघं मिळूनही पुरे पडत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. दिव्याची तीव्रता १ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर ४० चा डोस ४० सेकंदांत मिळतो. तीव्रता दहा पटींनी घटली तर त्याच डोसला ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास वेळ लागेल. पण प्युरिफायरमधून पाणी आधीच्याच वेगाने वाहतंय. मग डोस ४० ऐवजी ४ वर येतो, आणि तिथे जंतूंची दुरुस्ती जिंकू शकते.

ही तीव्रता घटते कशाने?

• गढूळपणा. मातीच्या कणांच्या सावलीत जंतू लपतात. पावसाळ्यातलं उल्हासचं पाणी आठवा.
• क्षारांचा थर. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर थर जमला की किरण आतच अडतात.
• म्हातारा दिवा. असे दिवे साधारण ८ ते ९ हजार तासांनंतर बदलायचे असतात.
• लाईटचा लपंडाव. दिवा पूर्ण तापायच्या आत पाणी वाहू लागलं, तर सुरुवातीच्या पाण्याला डोस कमी मिळतो.

आणखी एक गोष्ट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते साठवलेल्या पाण्यातही पहारा देत राहतं. प्युरिफायरमधला कार्बन हे क्लोरीन काढून टाकतो. यूव्ही पाण्यात मागे काहीच सोडत नाही. म्हणजे बाटलीत भरलेल्या पाण्याला कुणी राखणदार उरत नाही.

खिडकीतली बाटली: दोन्हीकडून खरं

आता पहिल्या प्रश्नाकडे परत. काच आणि प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली यूव्ही-सी अडवते, पण मिस्त्रीला लागणारा निळा उजेड आरामात आत सोडते. अर्धवट डोस मिळालेलं पाणी अशा बाटलीत भरून खिडकीतल्या मंद उजेडात ठेवलं, तर आपण जंतूंना दुरुस्तीसाठी टॉर्च धरून उभे राहिल्यासारखं होतं.

"पण उन्हात बाटली ठेवून पाणी शुद्ध करतात ना?" बरोबर! त्या पद्धतीला सोडिस म्हणतात. स्वच्छ दिसणारं पाणी पारदर्शक पेट बाटलीत भरून कडक उन्हात ६ तास ठेवायचं. आभाळ भरलेलं असेल तर दोन दिवस. इथे जोरदार यूव्ही-ए आणि उष्णता मिळून जंतूंची प्रथिनंच बिघडवतात, म्हणजे मिस्त्रीसकट सगळं. एप्रिलात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे जमण्यासारखं आहे. जुलैच्या झडीत, गढूळ पाण्यावर, अजिबात भरवसा ठेवू नका.

तर कडक ऊन मारतं, मंद उजेड सावरायला मदत करतो. प्रकाश तोच, प्रमाण वेगळं.

फोन, कांडी आणि लाल लेझर

तुमच्या मनातले दोन-तीन प्रश्न इथेच निकाली काढू.

*'यूव्ही लाइट' ॲपने जंतू मरतात का?* नाही. फोनची स्क्रीन आणि फ्लॅश यूव्ही-सी तयारच करू शकत नाहीत. असं ॲप फक्त स्क्रीन जांभळी करतं. फोनचा लाईट सेन्सरही दिसणारा उजेड मोजतो, त्यामुळे प्युरिफायरचा दिवा ॲपने तपासता येत नाही.

*मग निळ्या प्रकाशाने जंतू मरतात असं वाचलं होतं, ते?* ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट-निळा प्रकाश खरंच मारू शकतो. जीवाणूंमध्ये पॉर्फिरिन नावाचे रेणू असतात. ते हा प्रकाश शोषतात आणि ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात. पण त्यासाठी यूव्ही-सीच्या शेकडो ते हजारो पट डोस लागतो. स्क्रीनच्या उजेडाचं ते काम नाही.

*कोविडच्या काळात घेतलेली यूव्ही कांडी वापरू का?* २०२० मध्ये डीआरडीओच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेने फोन, कागद आणि नोटांसाठी यूव्हीचं बंद कपाट बनवलं होतं. 'बंद' हा शब्द महत्त्वाचा आहे. यूव्ही-सी डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतं, म्हणून वस्तू आत आणि माणूस बाहेर. हातातली स्वस्त कांडी पाच सेकंद फिरवून डोसही पुरत नाही आणि डोळ्यांचा धोका मात्र राहतो.

*फिजिओथेरपीत लाल लेझर देतात, त्याने जंतूंचं काय होतं?* हा कमी ताकदीचा लेझर. १९६७ मध्ये हंगेरीच्या एंड्रे मेस्टर यांना उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर अशा प्रकाशाने केस लवकर उगवताना दिसले आणि तिथून ही उपचारपद्धत निघाली. लाल प्रकाश डीएनएमध्ये थेट गाठी पाडत नाही, पण जीवाणूवर त्याचा परिणाम शून्य आहे असंही नाही. काही प्रयोगांत जीवाणूंची वाढ मंदावली, काहींत उलट वाढली. सगळं रंग, डोस आणि जीवाणूच्या जातीवर ठरतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी मुद्दाम दुरुस्तीचे जनुक बिघडलेले ई-कोलाय घेऊन त्यांच्यावर असे लेझर वापरून पाहिले, कारण जिथे दुरुस्ती लंगडी असते तिथे बारीक इजाही दिसून येते. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच: ऑनलाइन मागवलेला लाल लेझर पू झालेल्या जखमेवर स्वतःच्या मनाने मारू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आज घरी काय करायचं?

१. प्युरिफायरवर दिवा शेवटचा कधी बदलला ती तारीख शोधा. सापडली नाही तर सर्व्हिसला फोन करा आणि नळीही साफ करून घ्या. दिव्याकडे डोळे लावून बघू नका, उघडून तर अजिबात नाही.

२. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, स्वच्छ कापडाच्या घड्यांतून गाळा. यूव्ही त्यानंतर.

३. लाईट नुकतीच आली असेल तर थोडं थांबा. दिवा तापू द्या, सुरुवातीचं भांडंभर पाणी धुण्याला वापरा.

४. शुद्ध केलेलं पाणी झाकलेल्या स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात, अंधारात ठेवा. त्याच दिवशी संपवा. आजीचा तांब्या-कळशीचा हट्ट इथे बरोबर निघाला!

५. पुराचं पाणी टाकीत शिरलं असेल किंवा घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस, आजारी कुणी असेल, तर दिव्यावर विसंबू नका. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि किमान एक मिनिट उकळत ठेवा. उकळीने अशा जंतूंचा डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनंच निकामी होतात. मिस्त्रीच उरला नाही, तर गाठ सोडवणार कोण?

हे वाचताना तुमच्या घरच्या खिडकीत एखादी भरलेली बाटली दिसत असेल, तर उठा आणि ती कपाटात ठेवा. लेख पुढे फॅमिली ग्रुपवर टाकायला विसरू नका, पावसाळ्यात "यूव्ही आहे ना, मग काय टेन्शन" म्हणणारं कुणीतरी तिथे असतंच.